पोळ्याच्या मानाची तळटीप

धर्माधिकारी सर तालुक्याच्या नव्या कॉलेजात मराठी शिकवायला आले, तेव्हा कॉलेज निघून दोन वर्षं झाली होती आणि इमारत अजून निघायची होती. वर्ग धान्याच्या एका गोदामात भरत. सुगीच्या दिवसांत मागच्या दोन बाकांवर बाजरीची पोती असायची, आणि हजेरीचाच हिशेब केला तर ती पोरांपेक्षा नियमित होती.

सरांचं नाव राधाकृष्ण. पुण्यात शिकलेले, आवाज बारीक, चष्मा जाड, आणि एका गोष्टीवर अढळ श्रद्धा. निबंध सुचत नसतो, तो शोधावा लागतो. हे ऐकून पोरं हबकली. तोवर त्यांना निबंध सुचतही नसे आणि शोधावाही लागत नसे. तो पाठ असे.

आसाराम गव्हाणे हा त्यातला कसलेला गडी. त्याच्याजवळ एक सुरुवात होती आणि एक शेवट होता. ‘आपला भारत हा खेड्यांचा देश आहे’ ही सुरुवात. ‘म्हणूनच म्हणावेसे वाटते की, धन्य ती माणसे’ हा शेवट. मधे विषय बसवायचा. पोपट, पावसाळा, विज्ञान, वृत्तपत्राचे आत्मवृत्त, असे सगळे विषय त्यात आजवर बिनबोभाट बसले होते. सरांनी ‘माझे गाव’ हा विषय दिला तोही बसला. चार दिवसांनी वही परत आली ती देवीच्या पुजाऱ्यासारखी लाल होऊन. ‘आमच्या लोणदरी गावात दोनशे घरे आहेत’ याच्यापुढे सरांनी विचारलं होतं, ‘कोणी मोजली?’ ‘गावात सर्वजण गुण्यागोविंदाने राहतात’ याच्यापुढे, ‘किती जणांना विचारले?’ आणि ‘धन्य ती माणसे’च्या खाली दोन रेघा मारून एकच शब्द, ‘आधार?’

तो शब्द मग वर्गात रूढ झाला. शिपाई दारात येऊन म्हणाला, “सर, चहा आलाय,” तर मागून पाच-सहा जण एका सुरात म्हणाले, “आधार?” सर रागावले नाहीत. त्यांनी कपात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “प्रत्यक्ष पाहणी. हा सगळ्यात चांगला आधार. लिहून घ्या.” पोरांनी खरंच लिहून घेतलं.

आसारामला मात्र हसू येईनासं झालं होतं. पहिल्या वर्षाला बसण्याची त्याची ही दुसरी खेप होती. घरचा कारभार चुलत्याच्या हातात, आणि चुलते काकासाहेब गव्हाणे यांनी जूनमध्येच स्पष्ट सांगितलं होतं, “ह्या साली निघाला तर निघाला. न्हाईतर हिरीवरल्या इंजिनाला मानूस पाहिजेच हाय.” आसारामला त्या इंजिनाचा आवाज झोपेतसुद्धा ऐकू यायचा. आणि सरांनी आता जाहीर केलं होतं की, टर्मच्या निबंधात जो नापास, तो मराठीत नापास. वीस पानं, आपल्याच गावाविषयी, किमान तीन माणसांना भेटून. पोळा झाला की आठ दिवसांत द्यायचा.

आसारामने विषय घेतला ‘आमच्या गावचा पोळा’. त्यात सोय होती. लोणदरीत पोळ्याच्या दिवशी वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी जाते ती गव्हाण्यांची. तो मान घरचा. म्हणजे माहिती घरात, सांगणारा घरात, वर चुलताही खूश. अशा संशोधनाला कोण नाही म्हणेल?

सरांनी टिपणं घ्यायची रीत शिकवली होती. पोस्टकार्डाएवढी जाड कागदाची चिठ्ठी. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. कोपऱ्यात सांगणाऱ्याचं नाव, वय, तारीख. जाड कागद आणायचा कुठून? आसारामने घरातल्या जुन्या लग्नपत्रिका जमवल्या आणि कात्रीने चौकोन पाडले. त्याच्या पहिल्या चिठ्ठीच्या एका बाजूला ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ होतं. दुसऱ्या बाजूला काकासाहेब, म्हणजे आसारामचे नाना.

“नाना, पोळ्याचा पयला मान आपल्याकडं कवापासनं हाय?”

“पेशवाईपासनं.”

“आधार?”

काकासाहेब पानाला चुना लावत होते. बोट तिथंच थांबलं. “काय म्हनला?”

“आधार, नाना. सरांनी इचारायला सांगितलंय.”

“मी सांगतोय ह्यो आधार. सर कुठला तुमचा?”

“पुन्याचा.”

“पुन्याचा ना? मग पेशवाई त्याला ठावं पाहिजे. त्यालाच इचार.”

आसारामने तसं लिहून नेलं. चिठ्ठी परत आली. सरांनी लाल पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘सांगणाऱ्याचे वय बावन्न. पेशवाई संपून दीडशेहून अधिक वर्षे झाली. सांगणारा तेव्हा हजर नव्हता. गावातील सर्वात वृद्ध व्यक्तीस भेटा.’

सर्वात वृद्ध व्यक्ती म्हणजे खालच्या आळीतल्या गोजरबाई. वय सत्तरीच्या आसपास, दात चार, बोलणं बत्तीस दातांचं. आसाराम गेला तेव्हा त्या ओट्यावर सूप घेऊन हुलगे निवडत होत्या.

“कुनाचा रं तू?”

“काकासाहेबांचा पुतन्या, आसाराम.”

“कालिजातला? नापास झालेला?”

“व्हय.” संशोधनात खरं बोलावं लागतं, असं सरांनी सांगितलं होतं.

“बस मग. काय पाहिजे?”

आसारामने पेन्सिल काढली, चिठ्ठी काढली आणि पोळ्याचा मान गव्हाण्यांकडे पेशवाईपासून आहे, हे खरं का, असं विचारलं.

“पेशवाई?” गोजरबाईंनी हुलग्यातला खडा उचलून अंगणात टाकला. “मी नांदायला आले तवा मान आमच्या घरचा हुता. मानमोडीची साथ आल्ती ना, निम्मं गाव नेलं ती? तिच्या दुसऱ्या साली आमची जोडी खुरकतीनं बसली. उभी ऱ्हाईना. वेस तर मोकळी ठिवता येत न्हाई. मग आमचं मामंजी तुज्या पंज्याकडं गेले. म्हनले, यंदाच्या पोळ्याला तुमची जोडी पुढं घाला. पुढल्या साली आमची हायच.”

“मग पुढल्या साली?”

“पुढल्या साली मामंजीच गेले. सुतकात कसला पोळा? तिसऱ्या साली तुज्या पंज्यानं आपली जोडी पुढं काढली, कुनी काय बोललं न्हाई. चवथ्या साली मान त्यांचाच झाला.”

“तुमी परत मागितला न्हाई?”

“वाटीभर साखर असती तर मागितली असती. मान कसा मागायचा बाबा? मागून घेतला तर त्यो मान ऱ्हातो व्हय?”

आसारामने सगळं लिहून घेतलं. चार चिठ्ठ्या लागल्या. मग सरांकडून एक पुस्तक आणून त्यानं साथीचं साल काढलं, एकोणीसशे अठरा. म्हणजे मान हलला तो एकोणीसशे एकोणीसच्या पोळ्याला. मग तो हलगीवाल्या बन्सीकडे गेला, कारण पोळ्याला पहिल्या जोडीपुढं हलगी वाजवायचं काम त्यांच्या घरात पिढीजात. बन्सी म्हणाला, “आमचा बा सांगायचा, त्याच्या लहानपनी खालच्या आळीच्या जोडीफुडं वाजवायचे. मंग वरच्या आळीच्या, म्हंजी तुमच्या, जोडीफुडं वाजवाय लागले. हलगी तीच.”

त्या दिवशी सायकलवरून घरी येताना आसारामला जन्मात पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला काहीतरी सापडलं आहे. आणि वेशीपर्यंत येईतो हेही वाटलं, की नसतं सापडलं तर बरं होतं.

कारण गणित सोपं होतं. पेशवाई लिहावी तर सर नापास करणार, आणि मग इंजिन. गोजरबाई लिहाव्यात तर सर पास करतील, पण चुलता घराबाहेर काढील. निदान कॉलेजाबाहेर तरी नक्की, आणि मग पुन्हा इंजिनच. तीन दिवस तो चिठ्ठ्या मांडीवर पसरून बसायचा. कधी वरची बाजू दिसायची, कधी खालची. लग्नपत्रिकेची बाजू त्यातल्या त्यात सुखाची होती.

त्याच आठवड्यात सरांनी तळटीप शिकवली. फळ्यावर पान काढलं, खालच्या बाजूला एक आडवी रेघ मारली आणि म्हणाले, “मुख्य म्हणणं रेघेच्या वर. त्याचा आधार रेघेच्या खाली, बारीक अक्षरात. आणि एखाद्या गोष्टीबद्दल मतभेद असेल, तर तोही खाली नोंदवावा. प्रामाणिकपणे.”

आसारामला त्या रेघेत मोक्ष दिसला. रात्री त्याने सातवं पान लिहिलं. वर सुवाच्य, मोठ्या अक्षरात, ‘लोणदरी येथील पोळ्याचा पहिला मान परंपरेने गव्हाणे घराण्याकडे असल्याचे सांगितले जाते.’ रेघ. आणि रेघेखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, गोजरबाई, मानमोडी, खुरकत, सुतक, बन्सीचा बाप, सगळं. वरचं चुलत्याला, खालचं सरांना. खेड्यांच्या देशात खालचं वाचतो कोण?

निबंध तयार झाला, पण सरांची एक अट राहिली होती. ज्या माणसांनी माहिती सांगितली, त्यांना ती वाचून दाखवायची आणि बरोबर आहे म्हणून सही घ्यायची. आसारामचा बेत एकेकाला गाठून वाचायचा होता. पण काकासाहेबांना ‘आपल्या घराण्यावर पुतण्यानं पुस्तक लिहिलंय’ अशी कुणीतरी वर्दी दिली, आणि पोळ्याच्या चार दिवस आधी, ऐन दिवेलागणीला, मारुतीच्या पारावर वीस-पंचवीस माणसं जमली. गोजरबाईंना बोलावणं गेलं होतं. त्या नात चांगुणेला घेऊन पाराच्या खाली टेकल्या. बन्सी बाजूला उभा राहिला.

आसारामने वाचायला सुरुवात केली. गाव, वेस, तोरण, झुली, बाशिंगं, शिंगांचा हिंगूळ. लोक माना डोलावत होते. सातवं पान आलं. ‘...गव्हाणे घराण्याकडे असल्याचे सांगितले जाते’ हे वाक्य त्याने ठणकावून वाचलं आणि लगबगीनं पान उलटलं.

“थांब,” काकासाहेब म्हणाले. “मागं घे पान.”

आसारामने मागं घेतलं.

“ती रेघ कसली?”

“ती व्हय? ती सरांनी मारायला सांगितलीय.”

“रेघंखाली काय लिवलंय?”

“ते काय न्हाई, नाना. बारीकसारीक.”

आता काकासाहेबांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. शेजारच्या बांधावरून त्यांनी अकरा वर्षं कोर्टात काढली होती, आणि अकराव्या वर्षी ती केस ते हरले होते. त्यांच्या सातबाऱ्यावर वर त्यांचं नाव होतं, क्षेत्र होतं, आकार होता, सगळं ठसठशीत. पण ‘इतर हक्क’ म्हणून एक चिंचोळा रकाना असतो, त्यात कुण्या तलाठ्यानं कधीकाळी एक ओळ लिहून ठेवली होती. वकिलापासून शिरस्तेदारापर्यंत सगळ्यांनी फक्त तेवढीच ओळ वाचली. तेव्हापासून कुठलाही कागद हातात आला की काकासाहेब आधी त्याच्या तळाशी आणि कडेला बघत. पत्रिकेवरसुद्धा मुहूर्ताच्या आधी छापखान्याचं नाव वाचत.

“वरचं समद्या गावाला वाचून दावायला असतं,” काकासाहेब शांतपणे म्हणाले. “खरं काय ते खाली असतं. वाच.”

आसारामने वाचलं. मुंगीच्या पायाएवढं अक्षर पारावर हत्तीएवढं होऊन बसलं. वाचून संपलं. आसारामच्या कानात इंजिन सुरू झालं होतं.

“गोजरबाई,” काकासाहेब म्हणाले, “हे तुमी सांगितलं?”

“मी सांगितलं. पोरानं बराबर लिवलंय. खुरकत तेवढी बैलाला आल्ती का गाईला, एवढंच नीट लिवलंय का बघा.”

“बैलालाच लिवलंय,” आसाराम पुटपुटला.

“मग झालं.”

“लेखी हाय का काय तुमच्याकडं?” काकासाहेबांनी विचारलं.

“आमच्या मामंजींना अंगठा व्हता. त्यो त्यांच्याबरूबर गेला. तुमच्याकडं हाय का लेखी, पेशव्यांचं?”

पारावर एक दोन जणांनी उपरणं तोंडाला लावलं. काकासाहेबांनी ऐकलं नाही असं केलं.

“बन्सी, तू काय म्हनतो?”

“मी वाजवनारा मानूस, दादा. जो पुढं चालतो त्याच्याफुडं वाजवितो. बा जे सांगायचा ते मी सांगितलं. आता बाला खोटं कसं पाडू?”

काकासाहेबांनी निबंध हातात घेऊन पानाच्या चारी कडा पाहिल्या. मग त्यांनी पुतण्याकडे पाहिलं. “ह्यो कागद कुठं जानार?”

“सरांकडं.”

“सर निकाल देनार?”

“न्हाई, सर मार्क देनार.”

“मग निकाल कोन देनार? म्हंजी मान आमचा का त्यांचा, हे ठरवायचं कुनी?”

आसारामला खरं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. “सर म्हनत्यात, एका निबंधात ठरत न्हाई. म्होरं शिकावं लागतं. बी. ए. झाल्यावर यम. ए. असतं. तिथं ह्याच कामाला दोन वर्सं देत्यात. मंग त्याच्याबी वर एक असतं. तिथं दप्तरखान्यात जाऊन जुने कागद काढत्यात, मोडी वाचत्यात.”

“म्हंजी वरचं कोर्ट,” काकासाहेब म्हणाले.

“तसंच काय तरी.”

“आन त्याच्यावर त्याच्याहून वरचं.”

“व्हय.”

काकासाहेबांच्या चेहऱ्यावर, बांधाची केस संपल्यापासून न दिसलेलं, एक तेज आलं. त्यांनी मांडी बदलली. “आसाराम, ऐक. खालच्या कोर्टात पुरावा सारखासारखा झालाय. हितं थांबलं तर गाव म्हनंल, गव्हान्यांनी नाद सोडला. थांबायचं न्हाई. बी. ए. कर. यम. ए. कर. पेशव्यांचा कागद असंल तिथनं काढ. इंजिनावर मी दुसरा गडी ठिवतो.”

आसारामच्या कानातलं इंजिन धाडकन बंद पडलं.

“अन आमच्या बाजूनं कोन?” गोजरबाई उठता उठता म्हणाल्या. “तुमचा वकील शिकनार आन आमी हुलगं निवडीत बसायचं? ही चांगुणा चौथीतनं काढलीया हिच्या बानं. काकासाहेब, तुमी त्याला सांगा, उद्यापासनं शाळंत घाल म्हनावं. तुमचं म्हननं त्यो ऐकतो.”

“विरुद्ध पार्टीचा वकील मी शाळंत घालू?”

“मग एकतर्फी निकाल घेनार व्हय? लोक काय म्हनतील?”

कोर्टात अकरा वर्षं काढलेल्या माणसाला ‘एकतर्फी’ हा शब्द सहन होत नाही. काकासाहेबांनी तिथंच चांगुणेच्या बापाला हाक मारली.

राहिल्या सह्या. आसारामने वाक्याच्या शेजारची जागा दाखवली, पण काकासाहेब वर सही करायला तयार होईनात. “माजं म्हननं वरती घालून मला हलका करतो व्हय? माजीबी पेशवाई खाली घे.” घ्यावी लागली. काकासाहेबांचं म्हणणं खाली गेलेलं पाहून पारावरच्या आणखी चौघांना आपापल्या आजोबांची आठवण झाली, आणि तेही खाली गेले. गोजरबाईंचा अंगठा आणि काकासाहेबांची सही एकमेकांना खेटून बसली. सातव्या पानावर अखेरीस रेघ इतकी वर सरकली, की तिच्या डोक्यावर एकच वाक्य उरलं, तेही अंग चोरून.

पोळ्याला काय झालं, हे विचारायला नको. प्रकरण चालू असताना ‘जैसे थे’ असतं, हे काकासाहेबांना पाठ होतं. गव्हाण्यांचीच जोडी पुढं निघाली, बन्सीची हलगी कडाडली. पण तोरणापाशी काकासाहेबांनी कासरा आवळला आणि वेशीजवळच्या ओट्याकडे बघून म्हणाले, “गोजरबाई, निकाल लागूस्तोवर हं.”

“चालू द्या,” गोजरबाई म्हणाल्या. “मला कुठं घाई हाय?”

आसारामचा मात्र निष्कर्ष अडला होता. सरांनी विसावं पान त्यासाठी राखून ठेवायला सांगितलं होतं. मान गव्हाण्यांचा लिहावा तर सर सोडणार नाहीत. खालच्या आळीचा लिहावा तर चुलता सोडणार नाही. आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की कुठलाही निष्कर्ष लिहिला तरी प्रकरण मिटतं. प्रकरण मिटलं की वकिलाची गरज संपते, आणि वकिलाची गरज संपली की विहीर तिथंच आहे. आपलं बी. ए. ज्यावर उभं आहे, ती गोष्ट सुटता कामा नये. चांगुणेचंही तेच. तो बराच वेळ पेन चावत बसला आणि मग त्याने विसाव्या पानावर, पानाच्या मधोमध, एकच वाक्य लिहिलं. ‘उपलब्ध साधनांचा विचार करता, या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे.’

सरांनी निबंध वाचायला एक आठवडा घेतला. मग त्याला गोदामाच्या दाराशी बोलावून घेतलं. सातवं पान त्यांनी भिंग लावून वाचलं होतं म्हणे.

“हे शेवटचं वाक्य तू कुठून उतरवलंस?”

“उतरवलं नाही, सर. माझंच आहे.”

“मी शिकवलं नव्हतं.”

“नाही, सर. गरज पडली.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “आसाराम, विद्यापीठात मोठमोठी माणसं वीस वीस वर्षं काम करतात, तेव्हा कुठे शेवटी या वाक्यापाशी येतात. मला वाटलं होतं त्यांना खरंच अजून शोधायचं असतं.” त्यांनी पंचवीसपैकी सतरा मार्क दिले आणि त्या वाक्याखाली सुबक लाल रेघ ओढली.

आसाराम सायकल दामटत गावी आला. काकासाहेब ओट्यावर पान लावत बसले होते.

“नाना, पास झालो.”

“निकाल?”

“राखून ठिवलाय.”

काकासाहेबांनी समाधानानं कात चुरून पानावर टाकला. “म्हंजी पुढची तारीख पडली,” ते म्हणाले, आणि विडा तोंडात घालून त्यांनी सायकल ओट्यावर घ्यायला सांगितली. आता ती बरीच वर्षं लागणार होती.